कर्नलमध्ये स्वतःचा सिस्टिम कॉल जोडताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, तासगाव, इस्लामपूर इथल्या कॉलेजांतली तिसऱ्या-चौथ्या वर्षाची मुलं सुटीच्या दिवशी विश्रामबागेत आमच्याकडे कर्नलवर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर, काम करायला बसतात. प्रोग्रॅम कर्नलकडून काम करून घेतो ते सिस्टिम कॉलने; तसा नवा कॉल जोडणं हा त्यांचा नेहमीचा विषय. दर सेमिस्टरला मुलं नवी असतात, प्रश्न मात्र जवळपास तेच. ते एका जागी असावेत म्हणून हे पान.

उत्तरं लिनक्स ६.१२ आणि ६४-बिट इंटेल किंवा एएमडी प्रोसेसर धरून लिहिली आहेत. जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे. फायलींची आणि आज्ञांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमनमध्ये करायची.

उदाहरणाला सगळीकडे एकच कॉल घेतला आहे. त्याचं नाव भडंग. सांगलीत बसून दुसरं काय नाव ठेवणार? त्याला एका प्रोसेसचा पीआयडी, म्हणजे ओळखनंबर, द्यायचा. तो त्या प्रोसेसचं नाव सांगतो, आणि तिने प्रोसेसर किती वेळा आपणहून सोडला व किती वेळा तो तिच्याकडून काढून घेतला गेला, हे दोन आकडे देतो. नुसतं ‘हॅलो’ छापणारा कॉल आम्ही मुद्दाम घेत नाही. त्यात यूजरकडून काही येत नाही आणि यूजरला काही जात नाही, म्हणजे शिकण्यासारखं होतं तेवढंच नेमकं वगळलं जातं.

सिस्टिम कॉल म्हणजे शेवटी एक फंक्शनच ना?

कर्नलच्या आत गेल्यावर हो. पण तिथे पोचण्याची वाट वेगळी आहे. साधं फंक्शन बोलावताना पत्त्यावर उडी मारली जाते. सिस्टिम कॉलमध्ये तुमच्या प्रोग्रॅमला कर्नलमधला पत्ता माहीतही नसतो आणि तिथे उडी मारायची परवानगीही नसते. तो आरएएक्स रजिस्टरमध्ये एक नंबर ठेवतो, बाकीच्या रजिस्टरांत आर्ग्युमेंटं ठेवतो आणि सिस्कॉल ही प्रोसेसरची सूचना चालवतो. प्रोसेसर त्या क्षणी अधिकाराची पातळी बदलतो आणि कर्नलने आधीच ठरवून ठेवलेल्या एकाच दारातून आत शिरतो. पुढे कर्नल नंबर पाहून योग्य फंक्शन बोलावतो.

आर्ग्युमेंटं जास्तीत जास्त सहा. रजिस्टरांचा क्रम आरडीआय, आरएसआय, आरडीएक्स, आर१०, आर८, आर९. साध्या फंक्शन कॉलमध्ये चौथं आर्ग्युमेंट आरसीएक्समध्ये जातं, इथे आर१०मध्ये. कारण परत कुठे यायचं तो पत्ता सिस्कॉल सूचना स्वतःच आरसीएक्समध्ये लिहून टाकते. व्हायव्हात हा प्रश्न हमखास येतो.

लिनक्सवर करू की एक्सव्ही६वर?

सर एक्सव्ही६ म्हणाले असतील तर प्रश्नच मिटला. निवड तुमच्या हातात असेल तर आधी एक्सव्ही६ आणि मग लिनक्स, असं माझं मत आहे.

एक्सव्ही६ हा एमआयटीत २००६मध्ये शिकवण्यासाठी लिहिलेला छोटा कर्नल. १९७५च्या सहाव्या आवृत्तीच्या युनिक्सवर तो बेतलेला आहे आणि आता रिस्क-फाइव्हवर चालतो. मूळ कॉल फक्त २१, त्यामुळे तुमचा नंबर २२. हात लावायच्या जागा अशा: कर्नल फोल्डरमधली सिस्कॉल.एच, सिस्कॉल.सी आणि सिसप्रॉक.सी, यूजर फोल्डरमधली यूजर.एच आणि यूसिस.पीएल, शिवाय तुमचा चाचणी प्रोग्रॅम मेकफाइलमधल्या यूप्रॉग्ज यादीत. बिल्ड चहा उकळायच्या आत होतो आणि चुकलं तर क्यूइमू (सॉफ्टवेअरमधलं नकली मशीन) बंद करून पुन्हा सुरू केलं की झालं. शिवाय यूजरचा पत्ता कर्नलला थेट का वापरता येत नाही, हे एक्सव्ही६मध्ये डोळ्यांना दिसतं: कर्नलचं पेज टेबलच वेगळं, त्यामुळे कॉपीआउट हे फंक्शन प्रत्येक पानाचा खरा पत्ता शोधत बसतं. लिनक्समध्ये हेच काम दोन-तीन मॅक्रोंच्या मागे दडलेलं असतं.

लिनक्समध्ये नेमक्या कुठल्या फायलींना हात लावायचा?

जोडणीचं काम मुलांना वाटतं त्यापेक्षा बरंच कमी आहे.

पहिली फाइल तुमची स्वतःची, कर्नल/भडंग.सी. त्यात फंक्शन सिस्कॉल_डिफाइन३ या मॅक्रोने लिहायचं. तीन आर्ग्युमेंटं (पीआयडी, उत्तराच्या स्ट्रक्चरचा पॉइंटर, त्या स्ट्रक्चरची साइज) म्हणून शेवटी ३. मॅक्रोत आधी कॉलचं नाव, मग प्रत्येक आर्ग्युमेंटचा प्रकार आणि नाव, आणि या दोघांमध्येही स्वल्पविराम. नेहमीच्या सीच्या सवयीने प्रकार आणि नाव सलग लिहिलं की कंपायलर पानभर न कळणाऱ्या तक्रारी करतो.

हा मॅक्रो टाळून साधं फंक्शन लिहू नका. काही ६४-बिट प्रोसेसरांवर ३२-बिट आर्ग्युमेंटाच्या वरच्या अर्ध्या भागात काय आहे याची खात्री कुणी करतच नव्हतं. त्यातून सुरक्षेची भोकं निघाली आणि २००९मध्ये सगळे कॉल या मॅक्रोवर नेले गेले. आजच्या कर्नलमध्ये मॅक्रोशिवाय लिहिलेलं फंक्शन लिंकच होत नाही.

दुसरी जागा कर्नल फोल्डरची मेकफाइल. त्यात ओबीजे-वाय यादीला भडंग.ओ जोडा.

तिसरी आर्च/एक्स८६/एन्ट्री/सिस्कॉल्स/सिस्कॉल_६४.टीबीएल. हे कॉलच्या नंबरांचं टेबल. इथे एकच ओळ: नंबर, मग कॉमन हा शब्द, मग भडंग, मग सिस_भडंग.

चौथी इन्क्लूड/लिनक्स/सिस्कॉल्स.एच, फंक्शनचं प्रोटोटाइप लिहायला. खरं सांगायचं तर एक्स८६वर ही ओळ गाळली तरी बिल्ड होतो, कारण तिथली घोषणा टेबलावरूनच तयार होते. तरी ती घाला. वाचणारा माणूस कॉल शोधायला आधी तिथेच जातो.

आणि कॉल स्ट्रक्चर परत देत असेल तर त्या स्ट्रक्चरची व्याख्या इन्क्लूड/यूएपीआय/लिनक्स फोल्डरमध्ये ठेवा. यूएपीआय म्हणजे यूजरलाही दिसणारा भाग. कर्नलने एक हेडर वापरायचं आणि चाचणी प्रोग्रॅममध्ये तेच स्ट्रक्चर हाताने पुन्हा टाइप करायचं, असा उद्योग करू नका.

यूजर बाजूला जीलिबसीला (सीच्या नेहमीच्या लायब्ररीला) तुमचा भडंग माहीत असण्याचं कारण नाही. तिथे सिस्कॉल नावाचं सर्वसाधारण फंक्शन वापरायचं: पहिलं आर्ग्युमेंट नंबर, पुढे तुमची आर्ग्युमेंटं.

नंबर कुठला घ्यायचा?

६.१२मध्ये सामायिक यादीतला शेवटचा नंबर ४६२ आहे, एमसील या कॉलचा. ४६३ मोकळा दिसतो म्हणून मुलं तोच घेतात. पण ६.१३मध्ये ४६३ ते ४६६ हे नंबर दुसऱ्या कॉलना गेले. उद्या तुम्ही नवा कर्नल उतरवून त्यावर पॅच बसवलात की दोन ओळी एकाच नंबरवर येणार आणि टेबल तयार करणारी स्क्रिप्ट बिल्ड थांबवणार.

३८७ ते ४२३ ही मोकळी दिसणारी पट्टीही वापरू नका. फाइलीतच तसं लिहिलं आहे. ५१२ ते ५४७ एक्स३२ नावाच्या जुन्या भानगडीसाठी राखीव. शिकण्याच्या कामाला आम्ही ५४८ घेतो, ओळ फाइलीच्या शेवटी येते. मधले नंबर आपोआप ‘असा कॉल नाही’ असं उत्तर देतात.

व्हिडिओत दाखवलेली फाइल माझ्याकडे नाहीच. कर्नल चुकीचा उतरवला का?

कर्नल बरोबर आहे, व्हिडिओ जुना आहे. सगळ्यात जास्त दिवस मुलांचे इथेच जातात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

२.६च्या काळातल्या पुस्तकांत असेंब्लीची फाइल आणि युनिस्टडी.एच हाताने बदलायला सांगितलेलं असतं. २०१२मध्ये ३.३ आलं तेव्हापासून एक्स८६ची यादी टीबीएल फाइलीत गेली, आर्च/एक्स८६/सिस्कॉल्स या फोल्डरात. २०१५मध्ये ४.२ला तो फोल्डर एन्ट्रीच्या आत सरकला. २०१८मध्ये ४.१७ने कॉलला आर्ग्युमेंटं देण्याची पद्धतच बदलली: सगळी रजिस्टरं एका स्ट्रक्चरमध्ये भरून त्याचा पॉइंटर द्यायचा. त्यामुळे टेबलात सिस_ ऐवजी __एक्स६४_सिस_ असं लिहावं लागायचं. २०२०मध्ये ५.७ने ते पुन्हा साधं सिस_ केलं. २०२२च्या ६.१मध्ये मुख्य मेकफाइलमधली कोअर-वाय ही ओळ केबिल्ड नावाच्या फाइलीत गेली. ‘कोअर-वायच्या शेवटी तुमचा फोल्डर जोडा’ असं सांगणारे सगळे व्हिडिओ त्या दिवशी शिळे झाले.

‘__एक्स६४_सिस_भडंग सापडत नाही’ अशी लिंकरची तक्रार आली तर फंक्शन मॅक्रोशिवाय लिहिलंय असं समजा, नाहीतर मेकफाइलीत भडंग.ओ राहिलंय.

यावरचा उपाय पाठांतराचा नाही. तुमच्याच सोर्समध्ये अलीकडे आलेला एखादा कॉल घ्या आणि तो कुठे-कुठे आहे ते ग्रेपने शोधा. आम्ही कॅशस्टॅट घेतो, तो ६.५मध्ये आला. जिथे जिथे कॅशस्टॅट दिसतो तिथे तिथे भडंग लागणार का, एवढाच प्रश्न स्वतःला विचारायचा. दुसरा आधार म्हणजे सोर्सबरोबरच येणारा डॉक्युमेंटेशन/प्रोसेस फोल्डरमधला सिस्टिम कॉल जोडण्यावरचा मजकूर. तो कर्नलबरोबर अद्ययावत होतो, व्हिडिओ होत नाही.

दरवेळी अख्खा कर्नल बिल्ड करून रिबूट कशाला? मॉड्यूलमधून जोडतो ना.

मॉड्यूल म्हणजे चालू कर्नलला नंतर जोडता येणारा तुकडा. लिनक्समध्ये त्यातून कॉल जोडणं नाही जमत, आणि ते ठरवूनच तसं ठेवलं आहे. मॉड्यूलला टेबलाचा पत्ता मिळणं २.५च्या विकासकाळातच बंद झालं. मग लोक केएएलसिम्स_लुकअप_नेम या फंक्शनने पत्ता हुडकायचे, ते ५.७मध्ये मॉड्यूलांसाठी बंद झालं. त्यातूनही कुणी टेबल गाठून बदललंच तरी आता फरक पडत नाही. एप्रिल २०२४मध्ये स्पेक्टर प्रकारच्या हल्ल्यांवर उपाय म्हणून एक्स८६वर टेबलातून उडी मारणंच काढून टाकलं. ६.९पासून तिथे एक मोठं स्विच स्टेटमेंट आहे. टेबल उरलंय, पण कॉल बोलावायला ते कुणी वाचत नाही.

फ्रीबीएसडीमध्ये मात्र मॉड्यूलमधून कॉल जोडायची अधिकृत सोय आहे. हौस असेल तर ते बघा.

रिबूट टाळणं हाच हेतू असेल तर मॉड्यूल लिहून छोटं कॅरेक्टर डिव्हाइस करा आणि आयओसीटीएल (डिव्हाइसला आज्ञा द्यायचा तयार कॉल) वापरा. यूजरच्या पॉइंटरचे सगळे धडे तिथेही जसेच्या तसे लागू होतात.

यूजरने दिलेला पॉइंटर थेट वापरला तर चालतंय. मग कॉपी_फ्रॉम_यूजर कशाला?

‘चालतंय’ हीच भीती आहे. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

पॉइंटर यूजरकडून आला म्हणजे तो फक्त एक आकडा आहे. त्यामागे मेमरी असेलच असं नाही, ती त्या प्रोसेसची असेलच असंही नाही. कुणी मुद्दाम कर्नलच्याच मेमरीचा पत्ता दिला आणि तुम्ही त्यावर भडंगचं उत्तर लिहिलंत, तर कर्नलमध्ये हवं तिथे लिहिण्याची सोय तुम्ही कुणालाही करून दिलीत. ही पुस्तकातली भीती नाही. ४.१३ कर्नलमध्ये वेटआयडी या जुन्या कॉलची फेरमांडणी करताना पत्ता यूजरच्या हद्दीतला आहे का ही एक तपासणी राहून गेली. त्यातून साध्या यूजरला रूट होता येत होतं. २०१७च्या ऑक्टोबरमध्ये ते दुरुस्त झालं, सीव्हीई-२०१७-५१२३ म्हणून नोंदवलेलं आहे. अनुभवी लोकांचा कोड, एक गाळलेली तपासणी.

मग तुमच्याकडे चालतं कसं? एक्स८६वर कॉल चालू असताना प्रोसेसची मेमरी कर्नलच्या नजरेसमोरच असते, त्यामुळे बरोबर पॉइंटर दिला तर वाचता येतं. हे अडवायला नव्या प्रोसेसरांत स्मॅप नावाची सोय आहे. ती असेल तर थेट वाचताच कर्नल ऊप्स (कर्नलमधल्या चुकीचा अहवाल) देतो. पण क्यूइमू कुठलंही सीपीयू मॉडेल न सांगता चालवलं तर स्मॅप नसतो. मिरजेच्या मुलाच्या क्यूइमूत चालणारा कोड सांगलीच्या मुलाच्या लॅपटॉपवर कोसळतो, त्याचं कारण बहुधा हेच. क्यूइमूला सीपीयू मॅक्स हा पर्याय द्यायची सवय लावून घ्या.

कॉपी_फ्रॉम_यूजर आणि कॉपी_टू_यूजर पत्ता हद्दीत आहे का तपासतात, स्मॅप तेवढ्यापुरता उघडतात, आणि पान मेमरीत नसलं किंवा पत्ता खोटा निघाला तरी कोसळत नाहीत. मात्र त्यांचा रिटर्न नीट समजून घ्या: किती बाइट कॉपी झाले *नाहीत* तो आकडा ते देतात, एरर कोड देत नाहीत. तोच आकडा सरळ परत केलात तर यूजरला धन आकडा मिळतो आणि अपयश यश म्हणून खपतं. शून्य नसेल तर उणे ईफॉल्ट परत करायचं.

स्ट्रिंगसाठी स्ट्रएनसीपीवाय_फ्रॉम_यूजर आहे. दिलेली मर्यादा गाठली तर ते शेवटी शून्य घालत नाही, ते तुम्ही बघायचं.

एकदा तपासलं की पुरे ना?

एकदा *कॉपी केलं* की पुरे. तपासून पुन्हा यूजरच्या मेमरीतून वाचलंत तर तपासणी वाया गेली. मार्केट यार्डात हळदीचं पोतं काट्यावर चढवलं, वजन लिहून घेतलं, आणि उचलताना शेजारचं पोतं उचललं तर वजनाला काय अर्थ? प्रोसेसमध्ये दुसरा थ्रेड असतो. तुम्ही लांबी वाचून ‘शंभरच्या आत आहे’ असं ठरवता आणि पुढच्या ओळीत तीच लांबी पुन्हा यूजरकडून वाचता, तेवढ्यात त्या थ्रेडने ती बदललेली असू शकते. सगळं एकदाच कर्नलच्या मेमरीत आणा, मग तपासा, मग त्याच प्रतीवर काम करा.

भडंगचं स्ट्रक्चर परत देताना काय बघायचं?

आधी ते पूर्ण शून्याने भरा. फील्डांच्या मध्ये कंपायलर मोकळी जागा सोडतो. तिथे कर्नलच्या स्टॅकवरचा आधीचा कचरा असतो आणि तो जसाच्या तसा यूजरकडे जातो. कचऱ्यात कर्नलचे पत्ते असू शकतात, आणि हल्ला करणाऱ्याला नेमके तेच हवे असतात.

लॉंग हा प्रकार टाळा, ३२ आणि ६४ बिटांत त्याची लांबी वेगळी. निश्चित लांबीचे __यू३२, __यू६४ वापरा. भडंगचं तिसरं आर्ग्युमेंट म्हणून स्ट्रक्चरची साइज घ्या; साइज घ्यायची ही युक्ती क्लोन३ आणि ओपनॅट२ या कॉलमध्येही आहे. पुढे फील्ड वाढलं तरी जुना प्रोग्रॅम आपली जुनी साइज सांगतो आणि चालत राहतो. फ्लॅग घेत असाल तर न ओळखलेल्या फ्लॅगला उणे ईइनव्हॅल द्या. आज दुर्लक्ष केलंत तर उद्या त्या बिटाला अर्थ देता येत नाही, कारण कुणीतरी तिथे कचरा पाठवत असतो.

मोठा ॲरे स्टॅकवर घेऊ नका. एक्स८६-६४वर कर्नल स्टॅक एकूण १६ केबी, आणि तो तुमच्या एकट्याचा नाही.

‘स्लीपिंग फंक्शन कॉल्ड फ्रॉम इनव्हॅलिड कॉन्टेक्स्ट’ असा इशारा आला. कॉल तर बरोबर उत्तर देतोय.

पीआयडीवरून टास्क (कर्नलमधली प्रोसेसची नोंद) शोधताना तुम्ही आरसीयू रीड लॉक किंवा स्पिनलॉक (कर्नलमधली दोन प्रकारची कुलपं) घेतलाय आणि तो हातात असतानाच कॉपी_टू_यूजर बोलावलंय. यूजरचं पान डिस्कवर गेलेलं असेल तर ते आणेपर्यंत कॉपी थांबते, म्हणजे झोपते. लॉक धरून झोपायचं नसतं. पान बहुतेक वेळा मेमरीत असतं म्हणून उत्तर बरोबर येतं, आणि म्हणूनच चूक सापडायला वेळ लागतो.

क्रम असा ठेवा: लॉक घ्या, टास्क शोधा, गेट_टास्क_स्ट्रक्टने तिचा संदर्भ वाढवा, लॉक सोडा. आता निवांत स्थानिक स्ट्रक्चर भरा, पुट_टास्क_स्ट्रक्ट करा, शेवटी यूजरकडे कॉपी करा. टास्क सापडली नाही तर उणे ईएसआरसीएच. पुट करायला विसरलात तर लगेच काही बिघडत नाही, टास्कची मेमरी मात्र कायमची अडकते.

हा इशारा दिसण्यासाठी कॉन्फिगमध्ये डीबग_ॲटॉमिक_स्लीप चालू असावं लागतं. केॲसॅन (मेमरीच्या चुका पकडणारं साधन) हेही चालू ठेवा. कर्नल हळू होईल, होऊ दे.

कॉल −१ देतोय. म्हणजे काय?

एररनो बघा, −१वरून काहीच कळत नाही. कर्नल उणे आकडा देतो, −४०९५ ते −१ या टप्प्यातला आकडा जीलिबसी एरर मानतं, एररनोमध्ये धन करून ठेवतं आणि तुम्हाला −१ देतं.

३८ म्हणजे ईनोसिस, असा कॉल नाही. दहातल्या नऊ वेळा जुनाच कर्नल बूट झालेला असतो. यूनेम -आर चालवा. नाहीतर नंबर चुकलाय. १४ म्हणजे ईफॉल्ट, पॉइंटर. २२ म्हणजे ईइनव्हॅल.

१ आला आणि पडद्यावर ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ दिसलं की मुलं सुडो लावून बघतात, तरी तेच. कारण परवानगीचा संबंधच नसतो. कर्नल कोडमध्ये कुणीतरी सरळ ‘रिटर्न −१’ लिहिलेलं असतं आणि १ हा ईपर्मचा नंबर आहे.

एसट्रेस (प्रोग्रॅमने केलेले कॉल दाखवणारं साधन) लावलात तर त्याला भडंग हे नाव माहीत नसतं, तो सिस्कॉल_०एक्स२२४ असं दाखवतो. २२४ म्हणजे षोडशमान पद्धतीत ५४८. घाबरू नका.

प्रिंटके लिहिलं, काहीच दिसत नाही.

प्रिंटकेने छापलेलं टर्मिनलवर दिसत नाही, डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांच्या नोंदीत) बघायचं, आणि उबुंटूवर त्याला सुडो लागतं. तिथेही नसेल तर संदेशाच्या शेवटी नवी ओळ घातली आहे का पाहा. नसेल तर तो संदेश पुढचा येईपर्यंत अडकू शकतो.

बिल्डला लॅपटॉप किती दणकट लागतो? आणि मध्येच लाईट गेली तर?

८ जीबी रॅमवर होतो. डिस्कवर वीसेक जीबी मोकळी ठेवा. उबुंटूची अख्खी कॉन्फिग घेतलीत तर जगातल्या प्रत्येक नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर तुमच्या लॅपटॉपवर तयार होत बसतो. क्यूइमूसाठी मेक डेफकॉन्फिग पुरेसं. थेट मशीनवर चालवायचं असेल तर मेक लोकलमॉडकॉन्फिग: सध्या लोड असलेलीच मॉड्यूलं ठेवतो. तो चालवण्याआधी पेनड्राइव्ह, वायफाय, जे लागणार आहे ते जोडून ठेवा.

मोबाइल डेटावर असाल तर गिटचा पूर्ण इतिहास ओढू नका, तो काही जीबी आहे. डेप्थ १ द्या किंवा टारबॉल घ्या, तो दीडशे एमबीच्या आसपास आहे.

लाईट गेली तर पुन्हा मेक करा, झालेलं काम वाया जात नाही. वळवाच्या दिवसांत इथे हे रोजचंच. फक्त लाईट गेली त्या क्षणी लिहिली जात असलेली एखादी .ओ फाइल अर्धवट राहू शकते. लिंकर ‘फाइल फॉरमॅट ओळखता येत नाही’ म्हणाला तर तेवढी फाइल उडवा आणि पुन्हा मेक.

‘कॅनोनिकल-सर्ट्स.पेम बनवायचा नियम नाही’ ही तक्रार उबुंटूची कॉन्फिग उचलल्यामुळे येते. सिस्टिम_ट्रस्टेड_कीज आणि सिस्टिम_रिव्होकेशन_कीज रिकाम्या करा.

क्यूइमू की थेट लॅपटॉपवर बूट?

क्यूइमू. चूक झाली की प्रोग्रॅम नाही, अख्खं मशीन पडतं, आणि त्याच मशीनवर तुमचा न सेव्ह केलेला रिपोर्ट उघडा असतो. तयार झालेली बीझेडइमेज क्यूइमूला कर्नल म्हणून द्या, बिझीबॉक्सचं (नेहमीच्या आज्ञांचा छोटा संच) छोटं इनिटरॅमएफएस, म्हणजे बूटच्या वेळची फाइलसिस्टिम, द्या आणि कन्सोल सीरियलवर वळवा. चाचणी प्रोग्रॅम स्टॅटिक लिंक करा, कारण आत जीलिबसी नसते. जीडीबी लावायचा असेल तर एस पर्याय आणि कर्नलला नोकेएएसएलआर; ते विसरलात तर ब्रेकपॉइंट लागतच नाहीत.

थेट मशीनवर बूट करायची वेळ आलीच तर सिक्युअर बूट बंद करावं लागतं, नाहीतर सही नसलेला कर्नल उघडत नाही. लोकलव्हर्जनमध्ये काहीतरी ओळखीचं लिहा, म्हणजे ग्रबच्या यादीत तुमचा कर्नल कोणता ते कळेल.

डॉकरमध्ये चालेल का? माझ्याकडे विंडोज आहे.

डॉकरमध्ये नाही. कंटेनरला स्वतःचा कर्नल नसतो, खालच्या मशीनचाच असतो. बिल्ड करायला कंटेनर छान, चाचणीला निरुपयोगी. शिवाय डॉकरचा सेककॉम्प फिल्टर अनोळखी कॉल अडवतो, त्यामुळे कर्नल बरोबर असला तरी भडंग आत पोचत नाही.

विंडोजवर डब्ल्यूएसएल२ चालतं, त्याला स्वतःचा कर्नलही देता येतो. पण सोर्स सी ड्राइव्हवर उघडू नका. कर्नलमध्ये फक्त अक्षरांच्या लहान-मोठेपणात वेगळ्या असलेल्या फायली आहेत आणि विंडोजच्या ड्राइव्हवर एक दुसरीवर बसते. लिनक्सच्या होम फोल्डरातच उघडा.

रास्पबेरी पायवर?

होतं. टीबीएल फाइल वेगळी: एआरएम६४साठी ६.११पासून स्क्रिप्ट्स/सिस्कॉल.टीबीएल, त्याआधी इन्क्लूड/यूएपीआय/एएसएम-जेनेरिकमधली युनिस्टडी.एच. नंबर एक्स८ रजिस्टरमध्ये जातो, सूचना एसव्हीसी.

प्रोजेक्टला कोणता कॉल घ्यावा?

दोन आकड्यांची बेरीज नको. परीक्षक विचारणार, ‘यासाठी कर्नल कशाला?’ आणि उत्तर नसतं. कर्नललाच माहीत असतं असं काहीतरी घ्या: एखाद्या प्रोसेसची किती पानं प्रत्यक्ष मेमरीत आहेत, एका प्रोसेसपासून मुळापर्यंत पालकांची साखळी, एखाद्या प्रोसेसने कोणता कॉल किती वेळा केला. शेवटचा विषय सगळ्यात चांगला, कारण मोजणी कुठे ठेवायची, फोर्क झाल्यावर पोराचे आकडे शून्यापासून का, दोन थ्रेड एकदम वाढवायला लागले तर काय, हे प्रश्न आपोआप उभे राहतात.

चाचण्यांत चुकीचं इनपुट दाखवा: नल पॉइंटर, कर्नलचा पत्ता, नसलेला पीआयडी, उणे पीआयडी, साइज शून्य. बरोबर उत्तर दाखवणारे स्क्रीनशॉट सगळेच लावतात.

हा कॉल खऱ्या लिनक्समध्ये पाठवता येईल का?

पाठवायला कुणी अडवत नाही, स्वीकारला जाण्याची शक्यता जवळजवळ नाही. सिस्टिम कॉल एकदा आला की कायमचा सांभाळावा लागतो. चालता प्रोग्रॅम मोडायचा नाही हा लिनस टॉरवाल्ड्सचा सगळ्यात कडक नियम. त्यामुळे ‘हे प्रॉक फोल्डरमधून, आयओसीटीएलने किंवा पीआरसीटीएलने का होत नाही?’ हा पहिला प्रश्न येतो. भडंगचे दोन्ही आकडे तर प्रॉकमधल्या प्रत्येक पीआयडीच्या स्टेटस फाइलीत आजही मिळतात. शिकायला म्हणून हे सोयीचंच आहे: तुमचं उत्तर त्या फाइलीशी ताडून बघा.

कर्नलला काही पाठवायचंच असेल तर डॉक्युमेंटेशनमधली एखादी चूक दुरुस्त करून पाठवा. पॅच कसा लिहायचा, सही कशी करायची, उत्तरांना कसं तोंड द्यायचं, हे सगळं तिथे शिकायला मिळतं.

कॉलेजच्या लॅबमधल्या मशीनवर टाकला होता, आता काढायचा आहे.

आधी जुन्या कर्नलने बूट करा. चालू असलेलाच कर्नल उडवू नका. मग बूट फोल्डरमधून तुमच्या आवृत्तीच्या व्हीएमलिनझ, इनिटआरडी, सिस्टिम.मॅप आणि कॉन्फिग या चार फायली काढा, लिब/मॉड्यूल्समधला त्याच नावाचा फोल्डर काढा, आणि अपडेट-ग्रब चालवा. सिक्युअर बूट बंद केलं असेल तर ते पुन्हा चालू करून लॅब असिस्टंटना सांगून जा. त्याआधी गिट डिफ एका फाइलीत घेऊन स्वतःला मेल करायला विसरू नका. सोर्सचा फोल्डर पुढच्या बॅचच्या आधी कुणीतरी पुसतंच.